पंखाचा किट मागवताना: जे चेकबॉक्स नंतर उघडत नाहीत

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ओके’ बरेच कमी केलेत. सगळे गेले नाहीत, चालवून घ्या.)



आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमुळे आला. तो अमेरिकेत असतो आणि गॅरेजमध्ये विमान बांधतोय. खरं, दोन माणसं बसतील असं, आरव्ही-७. शेपटीचा किट होत आलाय, आता पंखाच्या किटची ऑर्डर द्यायची आहे. त्याने विचारलंय, ‘भाऊ, फॉर्मवर इतके ऑप्शन आहेत, त्यातलं आत्ता काय ठरवू आणि काय नंतरवर ढकलू?’

एक सांगून टाकतो. मी विमान बांधत नाही. मी कोड लिहितो. पण हा छंद बरीच वर्षं लांबून बघतोय, मॅन्युअल वाचतोय, आणि हा प्रश्न माझ्या कामाच्या इतका जवळचा आहे की राहवलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘घरी बांधलेलं विमान’ म्हटलं की आपल्याला कॅप्टन अमोल यादव आठवतात, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं आणि २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलेलं त्यांचं विमान. पण त्यांनी डिझाइनपासून सगळं स्वतः केलं. किटचं विमान हा वेगळा प्रकार आहे. डिझाइन कंपनीचं, पत्रे कापलेले, भोकं पाडलेली. तुम्ही ते जुळवायचं आणि हजारो रिव्हेट ठोकायचे. यातली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेली. तिच्या किटमधून बांधलेली ११,०००हून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. कंपनी विमान एकदम देत नाही. आधी शेपटी, मग पंख, मग धड, मग फिनिशिंग. इंजिन आणि पंखा वेगळा. ईएमआयवर फ्लॅट घेतल्यासारखं, फक्त इथे एकेक खोली स्वतः बांधायची.

तर पंख. आतून पंख कसा असतो ते डोळ्यांसमोर आणा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मधून लांबलचक एक तुळई जाते, तिला स्पार म्हणतात. आरव्ही-७मध्ये मुख्य स्पार कारखान्यातूनच रिव्हेट होऊन येतो. त्याला आडव्या फासळ्या, म्हणजे रिब. त्यावर वरून-खालून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. स्पारच्या पुढे, धडाच्या बाजूला, पंखाच्या नाकातच पेट्रोलची टाकी बसते. दोन पंख, दोन टाक्या, मिळून ४२ गॅलन, म्हणजे साधारण १५९ लिटर. आणि ही टाकी म्हणजे आत ठेवलेला वेगळा डबा नाही. पंखाचा पत्राच टाकीची भिंत असतो. सांधे प्रोसील नावाच्या चिकट काळ्या सीलंटने बंद करतात. त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही, असं बांधणारे सांगतात.

इथून मुद्दा सुरू होतो. खालचा पत्रा रिव्हेट केला की पंख बंद. टाकीची मागची भिंत सील केली की टाकी बंद. आमच्याकडे प्रॉडक्शनला गेलेला कोडही रोलबॅक करता येतो. इथे रोलबॅक म्हणजे ड्रिल घेऊन रिव्हेट फोडणं. म्हणून प्रत्येक ऑप्शनला ‘चांगला की वाईट’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘हे बदलायचं झालं तर मला काय काय उघडावं लागेल?’

या नजरेने बघितलं की सगळ्यात जड निर्णय टाकीच्या आतले ठरतात. लोक मात्र सगळ्यात जास्त वेळ लाइट कुठे लावायचे यावर घालवतात. गंमत आहे.

टाकीत किती पेट्रोल आहे हे कळायला दोन पर्याय असतात. पहिला फ्लोट. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जो बॉल तरंगतो तसाच. बॉल खाली-वर झाला की दांडी हलते, रेझिस्टन्स बदलतो, काटा हलतो. आपल्या स्कूटरमध्येही हेच असतं. दुसरा कपॅसिटिव्ह. टाकीत धातूच्या पट्ट्या बसवायच्या. पट्टी आणि टाकीची भिंत मिळून कपॅसिटर झाला. मधे हवा असेल तर एक कपॅसिटन्स, पेट्रोल असेल तर साधारण दुप्पट, कारण पेट्रोलचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट दोनच्या आसपास असतो. बारावीचं फिजिक्स शेवटी कामाला आलं!

दुसरा पर्याय हुशार वाटतो, आणि काही बाबतीत आहेसुद्धा. आरव्हीचे पंख टोकाकडे थोडे वर उचललेले असतात. त्यामुळे भरलेल्या टाकीत आतल्या टोकाचा बॉल वरच्या पत्र्याला टेकून राहतो आणि वरचे काही गॅलन जळून जाईपर्यंत मीटर ‘फुल’च दाखवतो. कपॅसिटिव्ह पट्ट्या टाकीच्या दोन्ही टोकांच्या कप्प्यांत असतात, त्यांना हे वरचे गॅलनही दिसतात. हलणारा भाग नाही, म्हणून झिजणं नाही.

मग अडचण कुठे? एक, त्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी वायर सील केलेल्या टाकीच्या आत असते. आतला सांधा तुटला तर टाकी काढा, भिंतीला भोक पाडा, दुरुस्त करा, वर पॅच मारून पुन्हा सील करा. दोन, इंधन बदललं की आकडा चुकतो. इथेनॉलचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट २४च्या आसपास असतो. विमानाच्या पेट्रोलवर कॅलिब्रेट केलेल्या टाकीत इथेनॉल मिसळलेलं पंपावरचं पेट्रोल गेलं, तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल. टाकीत ८ गॅलन आणि पडद्यावर १२. हवेत ही चूक महागात पडते. व्हॅन्स तसंही इथेनॉलवालं इंधन वापरू नका असंच सांगते, पण मीटरने अशा वेळी ओरडायला हवं, खोटा धीर द्यायला नको. तीन, तुमच्या कॉकपिटमधल्या स्क्रीनला हा सिग्नल समजतो का, मधे कन्व्हर्टर लागतो का, हे आधी बघावं लागतं. आणि पंख मागवताना बहुतेकांनी स्क्रीन ठरवलेलीच नसते.

माझं मत विचाराल तर फ्लोट घ्या. वरचे गॅलन नाही दिसले तरी चालतात, कारण टाकी भरलेली आहे हे झाकण उघडून डोळ्यांनी दिसतं. जीव अडकतो तो खालच्या गॅलनमध्ये, आणि तिथे फ्लोट बरा चालतो. बिघडला तर टाकीच्या आतल्या टोकाला त्याच्यापर्यंत पोचायची जागा असते. कटकट आहे, पण भिंत फोडावी लागत नाही. त्याला जोडीला इंजिनच्या लाइनवर फ्लो सेन्सर बसवा, किती जळलं ते मोजेल. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी आलेले आकडे जुळले तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

टाकीतला दुसरा प्रश्न फ्लॉप ट्यूबचा. साधी नळी टाकीच्या तळाशी जाते. विमान उलटं केलं की पेट्रोल छताला जातं आणि नळी हवा ओढते. फ्लॉप ट्यूब ही लवचीक नळी, टोकाला वजन. पेट्रोल जिकडे, ती तिकडे. सहसा एकाच टाकीत लावतात. आरव्ही-७ कसरती करू शकतं, म्हणून तरुण बिल्डरला मोह होतोच. पण लूप किंवा बॅरल रोल नीट मारला तर तुम्ही पूर्ण वेळ सीटवर दाबलेलेच राहता, पेट्रोलही तळाशीच राहतं. फ्लॉप ट्यूब लागते ती खरंच उलटं उडत राहायचं असेल तर, आणि मग इंजिनचं तेलही उलट्या अवस्थेत चाललं पाहिजे, इंधन इंजेक्शन पाहिजे, म्हणजे खर्च तिथे थांबत नाही. शिवाय सील केलेल्या टाकीत एक रबरी होज ठेवायची, जी म्हातारी होणार. उलटं उडायचं नक्की असेल तर घ्या. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून घेऊ नका.

(इथे माझ्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. एडिट केली नाही.)

आता क्विकबिल्ड. म्हणजे अर्धवट बांधलेला पंख विकत घेणं. टाक्या सील झालेल्या, बराचसा पत्रा रिव्हेट झालेला. हजारो डॉलर जास्त जातात आणि काहीशे तास वाचतात. पहिला प्रश्न येतो कायद्याचा. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला प्रमाणपत्र मिळतं ते ‘मोठा भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बांधला’ या अटीवर. बोलीभाषेत ५१ टक्क्यांचा नियम. कंपनीचं क्विकबिल्ड त्या हिशोबात बसवलेलं असतं. पण त्यावर तुम्ही आणखी पैसे देऊन दुसऱ्याकडून काम करून घेतलंत तर तो हिशोब तुमचा तुम्ही सांभाळायचा. दुसरी गोष्ट, टाकी बंद होऊनच येते, म्हणजे वरचे फ्लोट-फ्लॉपचे निर्णय ऑर्डरच्या दिवशीच पक्के हवेत. काय मिळतं, काय नाही, फोन करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझ्या मते घरात लहान मूल असेल, नोकरी दमवणारी असेल, तर क्विकबिल्ड वाईट नाही. गॅरेजमध्ये अर्धवट पडून राहिलेले प्रोजेक्ट खूप असतात.

पत्र्याच्या आतलं आणखी एक काम आहे, आणि ते स्वस्त आहे. रिबमधून प्लॅस्टिकचा नालीदार पाइप टाका. दोन्ही पंखांत, टोकापर्यंत. वायर आत्ता असो वा नसो. रिबला भोक कुठे पाडायचं हे कंपनीच्या ड्रॉइंगवरून घ्या, अंदाजाने नको. आणि पाइपमध्ये एक दोरी ओढून ठेवा, पुढे तिला वायर बांधून खेचता येते. आपल्याकडे नवीन घराला इलेक्ट्रिशियन भिंतीत रिकामे पाइप टाकून ठेवतो, तेच.

पाइप टाकला की लाइटचा प्रश्न हलका होतो. टोकावरचे लाल-हिरवे आणि चमकणारे लाइट रात्री उडायला लागतातच. लँडिंग लाइट मात्र अमेरिकेच्या नियमाने भाड्याने उडताना रात्री सक्तीचा आहे, स्वतःच्या हौशी उड्डाणाला नाही. तरी सगळे लावतात, आणि लावावा. पंखाच्या नाकात खिडकी कापून लावायचा की टोकाच्या फायबरच्या कॅपमध्ये, हे नंतरही ठरवता येतं. लोकांनी उडणाऱ्या विमानातही खिडकी कापून लाइट बसवलेत.

ऑटोपायलटचंही तसंच, फक्त एक तुकडा आत्ता घ्या. पंख झुकवणारी मोटर उजव्या पंखात एलेरॉनच्या यंत्रणेजवळ बसते. तिचा ब्रॅकेट पत्रा बंद करण्याआधी लावणं सोपं. मोटर स्वतः नंतर घ्या. इलेक्ट्रॉनिक्स तीन-चार वर्षं आधी घेऊन कपाटात ठेवणं म्हणजे वॉरंटी कपाटातच संपवणं. विमान उडेपर्यंत दोन नवीन मॉडेल आलेली असतात.

पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजायची नळी, पंखाखाली असते. किटमधली साधी वाकवलेली ॲल्युमिनियमची नळी हलकी आणि स्वस्त. गरम होणारी पिटो घेतली तर बर्फाने तोंड बंद होत नाही, पण ती बरीच वीज खाते आणि तिला मजबूत बैठक लागते. फक्त उन्हात, स्वच्छ हवेत उडणाऱ्याला साधी पुरते. ढगांतून जायचा विचार असेल तर बैठक आत्ताच रिव्हेट करून घ्या. नळ्या मात्र दोन टाका. दुसरी अँगल ऑफ अटॅकसाठी, म्हणजे पंख कधी हवा सोडणार याचा इशारा देणाऱ्या सेन्सरसाठी. प्लॅस्टिकच्या नळीला पैसे लागत नाहीत.

शेवटचा ऑप्शन फॉर्मवर नसतो: एका वेळी किती किट मागवायचे. २०२३ मध्ये व्हॅन्सने मान्य केलं की मागणी पुरी करायला लेझरने कापलेल्या काही पार्ट्समध्ये रिव्हेटसाठी खळगा पाडताना भोकाशी बारीक चिरा पडतायत. त्यात बाकीची आर्थिक ओढाताण, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने चॅप्टर ११ दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनी जुन्या किमतीला ऑर्डर देऊन डिपॉझिट भरलं होतं, त्यांच्यापुढे नव्या, वाढीव किमतींचा कागद आला. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली आणि किट पुन्हा जातायत. पण तेव्हा ज्याचा फक्त पंखाचा पैसा अडकला होता त्याला झोप लागत होती, आणि ज्याने पंख, धड, फिनिशिंग सगळं एकदम बुक केलं होतं त्याला नाही. भाडं वाचतं म्हणून दोन किट एकत्र मागवायचा सल्ला ऐकाल. भाड्याचा आकडा आणि अडकणाऱ्या डिपॉझिटचा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा.

आणि खोका आला की आधी तो उघडा, हत्यारं नंतर. पॅकिंग लिस्ट हातात घेऊन एकेक पार्ट टिक करा. रिव्हेटच्या पुड्या मोजत बसू नका, किचनच्या वजनकाट्यावर दहा रिव्हेट तोला आणि गुणाकार करा. कमी असेल तर त्याच आठवड्यात कळवा. सहा महिन्यांनी ‘तेव्हाच नव्हता’ म्हटलं, तर तुमचं गॅरेज बघितलेला कोणीही ऐकून घेणार नाही.