११० मिनिटांचं औषध

कर्करोग शरीरात कुठवर पसरलाय, हे पेट स्कॅनमध्ये दिसतं. त्याआधी रुग्णाच्या शिरेतून एफडीजी टोचतात. ही ग्लुकोजसारखीच साखर, फक्त तिच्यात एका जागी फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवलेला असतो. कर्करोगाच्या बहुतेक गाठी साखर अधाशीपणे ओढून घेतात आणि म्हणून स्कॅनवर उजळतात. अडचण एकच: दर ११० मिनिटांनी फ्लोरिन-१८ निम्मा होतो. साठवण करायची सोयच नाही.

म्हणून हे औषध रोज ताजं बनवतात. ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर सायक्लोट्रॉनमधून वेगवान प्रोटॉनचा मारा केला, की त्यातून फ्लोरिन-१८ तयार होतो. पुढचं रसायनकाम शिशाच्या जाड कवचाआड यंत्र करतं. १९७६ मध्ये माणसाला एफडीजी पहिल्यांदा टोचलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या ब्रुकहेवनहून फिलाडेल्फियाला विमानानं न्यावं लागलं होतं. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं.

औषध तयार झालं तरी ते लगेच टोचता येत नाही. आधी शुद्धता तपासायची, आणि तीही घड्याळाकडे पाहत.

सर्वांत मोलाची तपासणी साखरेला न जोडलेल्या, सुट्या फ्लोरिनची. तो शरीरात गेला की हाडांत जाऊन बसतो. मग स्कॅनवर हाडं उजळतात आणि रोग हाडांपर्यंत पोचल्याचा भास होऊ शकतो. एवढी मोठी चूक टळते ती एका लहानशा पट्टीमुळे. सिलिकाच्या पट्टीवर औषधाचा थेंब ठेवून तिचं टोक द्रावकात बुडवतात. एफडीजी द्रावकाबरोबर वर चढतं, सुटा फ्लोरिन तळाशीच राहतो. मग पट्टीवर कुठे किती किरणोत्सार आहे ते मोजतात. अमेरिकी मानकानुसार किमान ९० टक्के किरणोत्सार एफडीजीच्या जागी हवा. युरोपीय मानक ९५ टक्के मागतं.

प्रोटॉनच्या माऱ्यात नायट्रोजन-१३ सारखे नको असलेले अणूही तयार होतात. त्यांचा माग काढायला औषधाचं अर्धायुष्य मोजतात. ते १०५ ते ११५ मिनिटांत बसलं पाहिजे. रसायनक्रियेत वापरलेलं विषारी क्रिप्टोफिक्स उरलेलं नाही ना, हे रंग बदलणाऱ्या पट्टीवर कळतं.

जंतूंच्या चाचणीला मात्र १४ दिवस लागतात, आणि तोवर औषध कधीच संपलेलं असतं. त्यामुळे ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात आणि गाळणी अखंड असल्याची खात्री हवेच्या दाबानं लगेच करून घेतात. चाचणी तरीही पूर्ण होतेच. जंतू सापडले, तर ज्या रुग्णालयांत ते औषध गेलं त्यांना तातडीनं कळवावं लागतं.