एक तिकीट, दोन धनी

नागपूरहून फ्रँकफुर्टला निघालेला प्रवासी दिल्लीस विमान बदलतो. त्याचे तिकीट मात्र एकच असते आणि पैसेही तो एकदाच भरतो. दोन टप्प्यांवरची विमाने दोन निरनिराळ्या कंपन्यांची असतील, तर या पैशांची वाटणी कशी होते?

अंतराच्या प्रमाणात, हे उत्तर प्रथम सुचते. समजा, भाडे ४०,००० रुपये आहे. दुसरा टप्पा पहिल्याच्या सुमारे सातपट लांब आहे. तेव्हा पहिल्या कंपनीस ५,००० व दुसरीस ३५,००० रुपये मिळावेत. परंतु उड्डाणाचा व उतरण्याचा खर्च टप्पा लहान असला म्हणून त्या मानाने घटत नाही. म्हणून रूढ पद्धतीत लहान टप्प्यास थोडे झुकते माप देतात. हे प्रमाण २ : ८ धरले, तर पहिल्या कंपनीस ८,००० रुपये मिळतील. ज्यांना रूढ प्रमाण मान्य नसते, त्या कंपन्या आपसांत वेगळा करार करतात.

‘कोडशेअर’ पद्धतीत एक कंपनी दुसरीच्या विमानातील आसने स्वतःच्या उड्डाण-क्रमांकाने विकते. एका प्रकारच्या करारात आसने वाहक कंपनीचीच राहतात. विक्रेतीस केवळ ठरलेला मोबदला मिळतो आणि रिकाम्या आसनाचा तोटा वाहक कंपनी सोसते. दुसऱ्या प्रकारात विक्रेती काही आसने आगाऊ विकत घेते. ती रिकामी राहिल्यास तोटा तिचा. म्हणजे वाटणी पैशांची तशीच जोखमीचीही असते.

अशा असंख्य तिकिटांचे हिशेब मिटविण्यासाठी ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेने १९४७ मध्ये समाशोधन गृह सुरू केले. एका कंपनीचे दुसरीकडून दहा लाख येणे व आठ लाख देणे असेल, तर तेथे फक्त दोन लाखांचीच देवघेव होते. बँकांचे धनादेश याच तत्त्वावर वटतात.

या साऱ्या व्यवहाराचा पाया विश्वास हा होय. विक्रेती पैसे आधी घेते. वाहक कंपनीचा वाटा तिला प्रवासानंतर मिळतो. दरम्यान विक्रेतीच बुडाली, तर तो वाटा अडकून पडतो. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, त्याच महिन्यात ‘आयाटा’ने तिला समाशोधन गृहातून दूर केले. पत संपली की तिकिटावरील दुसऱ्या धन्याचा भरवसाही संपतो.