ऐंशी रुपयांचे भांडवल

दारिद्र्य केवळ दानाने हटत नाही. त्यास भांडवल व बाजारपेठ यांची जोड लागते. मुंबईस गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन उडदाचे पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. देणगी घ्यावयाची नाही, हा त्यांचा निर्धार होता. त्यातूनच ‘लिज्जत’ संस्था उभी राहिली. संस्था पीठ मळून देते. भगिनी ते घरी नेऊन लाटतात. मजुरीखेरीज नफ्यातोट्यातही त्यांचा वाटा असतो. लाटणारीच मालकीण असल्याने मालाची प्रत ती स्वतः जपते. आम्हां धान्यव्यापाऱ्यांस यातून बोध हाच की, कष्टाळू हातांस चोख डाळ, मुदतीची उधारी व मालास गिऱ्हाईक मिळवून देणे, हे अधिक टिकाऊ साहाय्य होय.