अठ्ठ्याहत्तराव्या रस्त्यावरचा पिवळा भात

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, ७८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘ला कारिदाद ७८’ नावाची एक खानावळ होती. तिला हॉटेल म्हणवत नाही, रेस्टॉरंट तर त्याहून नाही. स्पॅनिशमध्ये अशा जागेला ‘फोंदा’ म्हणतात, आणि त्याला ‘खानावळ’ इतका चपखल प्रतिशब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. १९६८ साली ती सुरू झाली, २०२० च्या जुलैत बंद पडली. मधली बावन्न वर्षं तिथल्या मेन्यूत एकाच वेळी दोन देश नांदले. चाऊ फन, लो मेन, अंड्याचं सूप हा एक, चीन. रोपा व्येहा, काळा घेवडा, तळलेली केळी, कॉफी हा दुसरा, क्युबा.

मी तिथं पहिल्यांदा गेलो २०१२ च्या नोव्हेंबरात. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डायनॉसोरचे सांगाडे बघून पाय मोडले होते आणि खिसा बेताचा होता. दोन्ही रस्त्यांकडून काचा, आत पिवळट उजेड, टेबलं इतकी खेटून की शेजारच्याच्या ताटातलं लिंबू आपल्या ताटात उडावं. बसायच्या आत पाण्याचा ग्लास आदळला. वेटर साठीचा, चिनी चेहऱ्याचा. शेजारच्या टॅक्सीवाल्याशी तो घडाघडा स्पॅनिश बोलला, वळून आत चिनी भाषेत ओरडला आणि मग माझ्यापुढं उभा राहून इंग्रजीत म्हणाला, “पांढरा की पिवळा?”

प्रश्न भाताबद्दल होता. पाठोपाठ दुसरा आला, घेवडा काळा की लाल? ही दोन उत्तरं दिली की जेवण ठरलं. मी गोमांस खात नाही, त्यामुळं या खानावळीची ज्यासाठी ख्याती होती ते गाईच्या शेपटीचं रस्सेदार कालवण मला नुसतं शेजारच्या ताटात बघायला मिळालं. मी कोंबडी, पिवळा भात, काळा घेवडा आणि केळी मागवली. बायकोनं चिनी बाजूचा परतलेला भात. आणि मग आजूबाजूला बघताना लक्षात आलं की जवळपास सगळ्यांच्या ताटात हाच प्रकार होता: निम्मं ताट क्युबातल्या हवानाचं, निम्मं चीनमधल्या ग्वांगडोंगचं, मध्ये अदृश्य बांध. कुणीही घेवड्यात सोया सॉस घालत नव्हतं. नूडल्सना जिऱ्याची फोडणी नव्हती. दोन सख्ख्या जावांच्या दोन चुली एका छताखाली असाव्यात तसं.

पदार्थांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण क्युबन जेवण तिखट असतं असा आपला उगाच समज असतो. ते अजिबात तिखट नसतं. कांदा, ढोबळी मिरची, लसूण तेलात मंद परतायचं, त्यात जिरं आणि ओरेगॅनो घालायचं. याला सोफ्रितो म्हणतात. जिरं आहे म्हटल्यावर आपला माणूस निम्मा जिंकला जातो. काळा घेवडा रात्री भिजत घालून सकाळी मऊ शिजवतात, त्यात हा सोफ्रितो आणि शेवटी व्हिनेगरची धार आणि चिमूटभर साखर. म्हणजे आपल्या आमटीतलं चिंच-गुळाचंच गणित, फक्त दुसऱ्या मालानं सोडवलेलं. भात पिवळा होतो तो हळदीनं नव्हे, शेंदरीच्या बियांनी. केळी असतात भाजीची, जाड सालीची. साल काळी पडेपर्यंत ती तशीच ठेवून द्यायची आणि मग तिरके काप तळायचे. कोकणातली राजेळी केळी तुपात परतलेली ज्यानं खाल्ली आहेत त्याला आणखी समजावायची गरज नाही. युका नावाचा उकडलेला कंद लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात घोळवून येतो. तो खाताना मला कुठंतरी ओळखीचं वाटत राहिलं. नंतर कळलं की चतुर्थीचा आपला साबुदाणा याच कंदापासून होतो.

रोपा व्येहा या शब्दांचा अर्थ जुने कपडे. मांस इतकं शिजवायचं की त्याच्या चिंध्या व्हाव्यात. हे नाव मला पुन्हा आठवलं ते एकोणिसाव्या शतकात क्युबात नेलेल्या चिनी मजुरांचा करारनामा वाचताना. आठ वर्षं काम, महिन्याला चार पेसो, रोजचा भात, खारवलेलं मांस, कंदमुळं, आणि वर्षाला दोन जोड कपडे व एक घोंगडी.

३ जून १८४७ रोजी ‘ओकेंदो’ नावाचं जहाज हवानाच्या बंदराला लागलं. त्यातून दोनशेच्या वर चिनी मजूर उतरले. पुढच्या सत्तावीस वर्षांत सुमारे सव्वा लाख माणसं अशी क्युबात उतरवली गेली. निघालेली त्याहून पुष्कळ जास्त होती, पण वाटेतच हजारो समुद्रात गेली. बहुतेक सगळी ग्वांगडोंग प्रांताची. पुढं पुढं त्यातली बरीचशी मकाव बंदरातून भरली जात, आणि हे पोर्तुगीज मकाव १८४४ पर्यंत आपल्या गोव्याच्या अमलाखाली होतं.

कारण एकच, ऊस. क्युबाची साखर जगात जात होती आणि गुलाम आणणं दिवसेंदिवस अवघड होत होतं. मराठी वाचकाला हा मामला अगदी परका नाही. ब्रिटिशांनी गुलामगिरी उठवल्यावर, १८३४ पासून, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटी मजूर गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती, त्यांचे वंशज तिथं आजही स्वतःला मराठी म्हणवतात. पण एक फरक मोठा आहे. मॉरिशसमध्ये गिरमिटी मजूर आले ते गुलामगिरी उठल्यानंतर. क्युबात ती १८८६ पर्यंत चालू होती, म्हणजे चिनी मजूर गुलामांच्या जागी नव्हे तर गुलामांच्या शेजारी उभा केला गेला, त्याच मुकादमाच्या चाबकाखाली. १८७४ मध्ये चीनच्या बादशाही सरकारनं चेन लानबिन यांच्या हाताखाली एक चौकशी आयोग तिथं पाठवला. त्यानं ११७६ मजुरांच्या तोंडी जबान्या घेतल्या, शिवाय ८५ अर्ज, ज्यांवर १६६५ जणांच्या सह्या. दहांतले आठ-नऊ जण म्हणत होते की आम्हाला फसवून किंवा पळवून आणलं. १८७७ च्या तहानं हा व्यापार कायमचा थांबला.

आलेल्यांत बायका जवळजवळ नव्हत्याच. मॉरिशसला निदान काही बायका गेल्या, म्हणून जातं-पाटा आणि ओव्याही गेल्या. क्युबातल्या चिनी माणसानं संसार मांडला तो बहुधा आफ्रिकी वंशाच्या बाईशी. विफ्रेदो लाम हा विसाव्या शतकातला थोर चित्रकार अशाच घरातला: १९०२ चा जन्म, बाप चिनी, आई आफ्रिकी-क्युबन. स्वयंपाकघर आईच्या हातात होतं. त्यामुळं करार संपवून मोकळा झालेला चिनी माणूस घरात घेवडा-भात खाऊ लागला आणि बाहेर खानावळ काढून लोकांना तोच वाढू लागला. हवानातल्या झांजा रस्त्यावर चिनी माणसाची पहिली खानावळ निघाली ती १८५८ साली, असं सांगतात. पुढं कॅलिफोर्नियातल्या चिनीद्वेषाला कंटाळून तिकडचे व्यापारीही भांडवल घेऊन आले आणि हवानाचा बारिओ चीनो, चिनी मोहल्ला, लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या चिनी वस्त्यांपैकी एक झाला.

क्युबनांच्या बोलण्यात चिनी माणूस किती मुरला ते बघण्यासारखं आहे. एखाद्याचं काही खरं नाही असं म्हणायचं तर तिथं म्हणतात, याला आता चिनी वैद्यसुद्धा वाचवणार नाही. आणि चारादा! छत्तीस आकड्यांचा हा जुगार चिन्यांनी नेला. प्रत्येक आकड्याला एक चित्र: एक म्हणजे घोडा, दोन म्हणजे फुलपाखरू, तीन म्हणजे खलाशी. रात्री स्वप्नात फुलपाखरू आलं की सकाळी दोनवर पैसे लावायचे. आपल्याकडं मटक्याचा आकडा काढायला लोक स्वप्नांचा जो कीस पाडत, तो आठवावा. फिदेल कास्त्रोंना लोक ‘घोडा’ म्हणत, त्यामागं या एक नंबरच्या घोड्याचाही हात होता असं म्हणतात.

१९५९ च्या जानेवारीत कास्त्रोंची क्रांती झाली. आधी मोठे कारखाने, मळे, बँका सरकारजमा झाल्या. छोट्या दुकानदाराला वाटलं आपण वाचलो. १३ मार्च १९६८ रोजी कास्त्रोंनी ‘क्रांतिकारी चढाई’ जाहीर केली आणि पन्नास हजारांहून जास्त छोटे धंदे एका झटक्यात सरकारी झाले: लाँड्र्या, वाण्याची दुकानं, बार, फोंदा, अगदी रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा. चिन्यांचे धंदे नेमके हेच होते. अनेकांना चीनमधल्या १९४९ च्या क्रांतीनंतर परतायला गाव उरलं नव्हतं, आता हवानाही गेलं. ज्यांना जमलं ते आधीच निघाले होते, काही नंतर निघाले.

‘ला कारिदाद’ नेमकी १९६८ मध्ये सुरू झाली. चीनहून क्युबात आणि क्युबातून न्यूयॉर्कला आलेल्या एका गृहस्थांनी ती काढली. दोन घटनांचा थेट संबंध जोडायचा मोह मला होतो, पण तो जोडणं बरोबर नाही. ते गृहस्थ काही त्या मार्चमध्ये पळून येऊन लगेच खानावळ टाकून बसले नव्हते. कारिदाद म्हणजे दया. ‘कारिदाद देल कोब्रे’ ही क्युबाची संरक्षक माता, आपल्या गावच्या ग्रामदेवतेसारखी. चिनी मालकाच्या दुकानावर तिचं नाव असावं यात तिकडच्या माणसाला काही विशेष वाटत नसे.

हे चिनी-क्युबन लोक मायामीला का नाही थांबले, हा प्रश्न मला पडला होता. मायामीत क्युबन होते, सूर्यप्रकाश होता. पण क्युबन-चिनी खानावळींचं पीक आलं ते न्यूयॉर्कमध्ये, विशेषतः मॅनहॅटनच्या पश्चिम भागात. माझा अंदाज असा: दक्षिण टोकाच्या चायनाटाऊनमध्ये चिनी खानावळींची आधीच गर्दी होती, तिथं आणखी एकाला जागा नव्हती. वर, अप्पर वेस्ट साइडला, त्या काळी पोर्तो रिकोचे, डोमिनिकन आणि क्युबन लोक दाटीनं राहत. घरभाडी कमी होती, इमारती जुनाट होत्या. या गिऱ्हाइकाला घेवडा-भात हवा होता आणि तो स्पॅनिशमध्ये मागायचा होता. शेजारी राहणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्याला आणि म्हाताऱ्या ज्यू बाईला चिनी नूडल्स हव्या होत्या. एका भटारखान्यात दोन्ही जमत असेल तर दोन्ही गिऱ्हाइकं आपली. पाट्यांवर लिहिलेलं असे, ‘कोमीदास चीनास ई क्रिओयास’, चिनी आणि क्रिओल जेवण मिळेल. मला मुंबईतल्या इराण्यांची आठवण येते. पण इराण्यानं स्वतःच्या घरचं जेवण टेबलावर क्वचितच आणलं. चिनी-क्युबन माणसानं आपली दोन्ही घरं टेबलावर मांडली.

आपल्याकडच्या गाडीवरचं ‘चायनीज’ याच्या नेमकं उलट आहे. तिथं आपण मांचुरियनच्या गोळ्यांत हिरवी मिरची आणि आलं-लसूण घालून त्याला पूर्ण आपलंसं करून टाकलं. चिनी भेळेत तर चीन शोधावा लागतो. न्यूयॉर्कच्या या ताटांत असं काही झालं नाही, याचं कारण मला चवीत नाही, गिऱ्हाइकात दिसतं. घेवड्यासाठी येणारा डोमिनिकन टॅक्सीवाला आईच्या हातची चव शोधत येई. त्यात कुणी आलं घातलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी पुढच्या कोपऱ्यावर गेला असता. १९९७ मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवरच्या एका उंची हॉटेलात ‘एशिया दे कुबा’ नावाचं झगमगीत रेस्टॉरंट उघडलं, तिथं या दोन पाककृतींची सरमिसळ पांढऱ्या पडद्यांमध्ये, भरभक्कम किमतीत मिळू लागली. तिथं जाणाऱ्या मंडळींना फ्यूजन परवडत होतं.

जेवणानंतरची कॉफी मात्र सगळ्या टेबलांवर एकच. काळी, घट्ट, साखरेत बुडलेली, किंवा गरम दुधात मिसळून. थोडंसंच दूध घातलेल्या छोट्या कपाला ‘कोर्तादितो’ म्हणतात. कोर्तार म्हणजे कापणे. आपण ‘एक कटिंग’ म्हणतो तेव्हा अर्धा ग्लास कापतो, ते दुधानं कॉफीची धार कापतात.

पुढं सगळं हळूहळू गेलं. भाडी वाढली. पोर्तो रिकन आणि डोमिनिकन कुटुंबं ब्राँक्सकडं, न्यू जर्सीकडं सरकली. सत्तरच्या दशकात कोपऱ्याकोपऱ्यावर असलेल्या या खानावळी नव्या शतकात बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. शिवाय क्युबातून नवा चिनी येणं कधीच थांबलं होतं, तर चीनमधून थेट आलेल्या आचाऱ्याला घेवडा कसा शिजवतात ते शिकवावं लागे. आणि स्वतःच्या पोरांना शिकवावं, तर मालकांना त्यांना नेमकं याच धंद्यातून सोडवायचं होतं. बारा-चौदा तास उभं राहून चालवलेल्या गल्ल्याचा उपयोग पोरानं गल्ल्यावर बसू नये म्हणूनच असतो. २०२० च्या वसंतात करोनानं न्यूयॉर्कची टेबलं उलटी केली, आणि जुलैत ‘ला कारिदाद’चं शटर खाली आलं ते आलंच. गिऱ्हाइकांनी हळहळ व्यक्त केली. मीही केली, दोनदाच जेवून.

दुसऱ्यांदा गेलो ती वेळ दुपारच्या गर्दीनंतरची होती, चारच्या सुमाराची. खानावळ जवळजवळ रिकामी. मागच्या गोल टेबलावर आचारी आणि वेटर जेवायला बसले होते. त्यांच्यापुढं होतं ते मेन्यूत कुठंच नव्हतं: वाफवलेला अख्खा मासा, वर आल्याच्या काड्या, हिरव्या पानांची भाजी, प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या भाताचा वाडगा. मध्ये एक मोठं भांडं काळ्या घेवड्याचं. तो साठीचा वेटर चमच्यानं घेवडा भातावर ओतून घेत होता आणि वाडगा तोंडाशी धरून काड्यांनी खात होता. मी पिवळा भात मागितल्यावर तोंडात घास असतानाच त्यानं मान डोलावली, आणि पहिला वाडगा संपवूनच उठला.