ऐंशी वर्षांचं बॉम्बर विमान, आणि त्यात तुम्ही

अमेरिकेत मुलाकडे किंवा बहिणीकडे गेलात की काय काय बघायचं याची यादी ठरलेलीच असते. नायगरा, टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, एखादं देऊळ आणि परत निघायच्या आधी कॉस्टकोची एक चक्कर. पण समजा, यंदा जावई म्हणाला, "बाबा, शनिवारी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानातून चक्कर मारायची का?" तर तुम्ही काय म्हणाल?

थट्टा नाही, असं खरंच करता येतं. अमेरिकेतल्या काही संस्था महायुद्धातली जुनी विमानं दुरुस्त करून उडती ठेवतात आणि गावोगावच्या विमानतळांवर घेऊन जातात. ही विमानं प्रवासी वाहतुकीसाठी बनलेलीच नाहीत. त्यामुळे एरवी त्यांत पैसे घेऊन माणसं बसवता येत नाहीत. पण 'जिवंत इतिहास' लोकांना अनुभवता यावा आणि संस्थांना देखभालीचा खर्च निघावा, म्हणून तिथल्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, १९९० च्या दशकापासून अशा संस्थांना खास सवलत दिली आहे. २०१९ मध्ये बी-१७ या चार इंजिनांच्या बॉम्बरमधल्या अर्ध्या तासाच्या राइडचं तिकीट ४५० डॉलर होतं. तेव्हाच्या दराने सुमारे ३२ हजार रुपये.

मी स्वतः बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. पण बसलेल्यांचे व्हिडिओ पाहण्यात आणि नंतर एका अपघाताचा सरकारी अहवाल वाचण्यात माझ्या बऱ्याच रात्री गेल्या. आता कुणी तिकीट हातात ठेवलं, तर मी काय करेन हे मला माहीत आहे. ते शेवटाकडे सांगते.

आत गेल्यावर

एअरहोस्टेस, पाण्याची बाटली, खिडकीची सीट, हे सगळं विसरा. मागच्या छोट्या दारातून वाकून आत शिरायचं. बसायला साध्या बैठका किंवा चक्क जमीन, आणि कमरेला पट्टा. भिंतीला आतून कसलंही अस्तर नाही. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्याचे रिव्हेट, त्यावरून गेलेल्या केबल, सगळं उघडं. यातल्या काही केबल पायलटच्या हातातल्या चाकापासून थेट शेपटीपर्यंत जातात. तो चाक मागे-पुढे करतो तेव्हा तुमच्या डोक्यावरची तार सरकताना दिसते.

मग इंजिनं सुरू होतात. एकेक, खोकत, पांढरा धूर सोडत. प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची चार इंजिनं एकदा लागली की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. कानात बोळे घालतातच. पेट्रोल आणि गरम तेलाचा वास येत राहतो.

विमान वर गेलं की क्रूमधला माणूस खूण करतो आणि प्रवासी चक्क पट्टे सोडून उठतात. मोठमोठ्या मशीनगन ठेवलेल्या बाजूच्या खिडक्या, मग रेडिओ ऑपरेटरची खोली. काही विमानांत या खोलीचं छत उघडं ठेवलेलं असे. तिथे उभं राहून डोकं बाहेर काढलं की समोर फक्त आभाळ आणि वारा (केस मोकळे सोडायची ही जागा नव्हे). पुढे बॉम्ब ठेवायचा कप्पा येतो. तो ओलांडायला मधोमध वीतभर रुंदीची पट्टी असते, दोन्ही बाजूंना बॉम्ब लटकवायच्या चौकटी, आणि खाली दारं. त्या दारांवर पाय द्यायचा नाही, हे आधीच बजावून सांगतात. मग पायलटच्या मागून खाली उतरून रांगत नाकात जायचं. तिथे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा घुमट असतो आणि पायाखाली शेतं, घरं, रस्ते. बॉम्ब टाकणारा इथे बसायचा.

व्हिडिओत या जागेवर आल्यावर बहुतेक लोक हसायचे थांबतात. मला ते फार खरं वाटलं. घुमटातून खाली दिसणारं गाव सुंदरच दिसतं, आणि ही जागा कशासाठी केली होती हेही त्याच क्षणी कळतं. ज्यांच्या गावांवर हे बॉम्ब पडले, त्यांच्यासाठी कुठलीही राइड नसते.

पोटाखालच्या गोल काचेच्या बुरुजात मात्र प्रवाशांना बसू देत नाहीत. गर्भातल्या बाळासारखं पाय पोटाशी घेऊन एक गनर त्यात बसायचा, आणि पॅराशूट घालायलाही आत सहसा जागा नसायची. बीएला असताना रँडल जॅरेलची या गनरवरची पाच ओळींची कविता वाचली होती. तेव्हा परीक्षेपुरती कळली. त्या बुरुजाचा व्हिडिओ पाहिल्यावर खरी कळली.

आज ही विमानं हजार-दीड हजार फुटांवरून आरामात फिरवतात. तेव्हाची पोरं पंचवीस हजार फुटांवर जायची. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, अंगात विजेवर गरम होणारे कपडे आणि बाहेर उणे ४० अंश. बहुतेकजण विशीतले. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर २९१ बी-१७ निघाली, त्यांतली ६० परत आली नाहीत. एका विमानात दहा जण, म्हणजे एका दुपारी सहाशे घरं.

कानपूरहून मॅसॅच्युसेट्सला

आता आपल्याकडची गोष्ट. या बॉम्बर विमानांशी भारताचा संबंध काय, असं वाटत असेल तर थांबा.

बी-१७ चं धाकटं भावंडं म्हणजे बी-२४ लिबरेटर. अमेरिकेने अशी १८ हजारांहून जास्त विमानं बनवली आणि काही ब्रिटनला युद्धापुरती वापरायला दिली. युद्ध संपल्यावर ती परत तरी करायची किंवा मोडून तरी टाकायची, असा करार होता. भारतात असलेली कित्येक लिबरेटर कानपूरला जमा केली आणि पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून सोडून दिली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलाकडे मोठी बॉम्बर विमानं नव्हती. मग बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या, म्हणजे आजच्या एचएएलच्या, लोकांनी या भंगारात हात घातला. याचं चाक त्याला, त्याचं इंजिन याला, असं करत विमान कसंबसं उडण्याजोगं करायचं. मग चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ते कानपूरहून बंगळूरला उडवत न्यायचे. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. पुढची नीट दुरुस्ती तिथे. आपल्याकडचा जुगाड म्हणून बरंच काही खपवलं जातं, पण याला मी मनापासून सलाम करते.

नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. १९५१ मध्ये सहा नंबरची स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटर घेऊन पुन्हा सुरू झाली, समुद्रावर नजर ठेवायला. तुमचे आजी-आजोबा त्या काळात लोहगावच्या बाजूला राहत असतील तर त्यांना विचारून बघा, चार इंजिनांचा तो आवाज त्यांनी ऐकला असेल. १९६८ च्या अखेरीस ही विमानं निवृत्त झाली. बाकीच्या जगाने तोवर आपली लिबरेटर केव्हाच वितळवून टाकली होती. त्यामुळे लंडनच्या आरएएफ म्युझियमपासून ॲरिझोनाच्या पिमा म्युझियमपर्यंत अनेक ठिकाणी आज दिसणारं लिबरेटर आपल्या हवाई दलाकडूनच गेलेलं आहे.

त्यातल्या एकाचा प्रवास तर भन्नाट आहे. १९४४ मध्ये टेक्सासमध्ये जन्म, मग ब्रिटिश हवाई दल, मग कानपूरचं भंगार, मग भारतीय हवाई दलात १९६८ पर्यंत नोकरी. १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या एका संग्राहकाने ते घेतलं, १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने. दुरुस्तीला सुमारे ९७ हजार तास लागले आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडालं. पुढे 'विचक्राफ्ट' या नावाने ते वर्षानुवर्षं अमेरिकाभर फिरलं, माणसांना घेऊन. त्या विमानात बसलेल्या किती जणांना ठाऊक होतं, की ते वीस वर्षं भारताच्या आकाशात होतं?

२ ऑक्टोबर २०१९

त्याच संस्थेचं बी-१७, नाव 'नाइन-ओ-नाइन'. कनेक्टिकटच्या ब्रॅडली विमानतळावरून सकाळी पावणेदहाच्या सुमारास निघालं. आत तेरा जण: दहा प्रवासी, तीन क्रू. काही मिनिटांतच उजवीकडच्या एका इंजिनाची ताकद गेली आणि पायलटने ते बंद करून विमान परत वळवलं. धावपट्टीच्या सुमारे पाचशे फूट अलीकडे ते जमिनीला टेकलं, उजवीकडे वळलं, टाक्यांवर आदळलं आणि पेटलं. दोन्ही पायलट आणि पाच प्रवासी गेले.

प्रवाशांत एअर नॅशनल गार्डचा एक जवान होता. त्याने स्वतःचे अग्निरोधक हातमोजे बरोबर आणले होते. ते घालून त्याने बाहेर पडायचं झाकण उघडलं आणि काहीजण वाचले. हातमोजे त्याचे स्वतःचे होते, विमानातले नव्हते, हे मी दोनदा वाचलं.

पायलट नवशिका असेल, असं वाटलं ना? त्यांचं वय ७५ होतं आणि एकट्या बी-१७ वर त्यांनी सात हजारांहून जास्त तास काढले होते. तरीही चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने नोंदवलं, की इंजिन गेल्यावर चाकं फार लवकर खाली सोडली गेली, विमानाचा वेग कमी झाला आणि ते धावपट्टीपर्यंत पोहोचू शकलं नाही. इंजिनांची ताकद गेली ती दौऱ्यावर असताना देखभाल नीट न झाल्याने. आणि ही देखभाल ज्यांच्या जबाबदारीत होती, ते तेच पायलट होते. म्हणजे एकाच माणसावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवून होते. संस्थेची सुरक्षा व्यवस्था कमी पडली आणि एफएएची देखरेखही, असंही अहवालात आहे. संस्थेची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली गेली.

२०२१ मध्ये एनटीएसबीने आणखी एक मुद्दा मांडला. पैसे भरून अशा विमानांत बसणाऱ्यांना वाटतं, की आपल्याला एअरलाइनइतकीच सुरक्षा आहे. ती नसते. नियम वेगळे असतात आणि बरेच सैल.

आपल्या घरात हेच होतं. "एवढे लोक बसतात, काही होत नाही" म्हणायचं आणि कागद न वाचता सही करायची. इथला कागद तरी वाचा. त्यात बहुधा लिहिलेलं असतं, की काही झालं तर संस्था जबाबदार नाही. भारतातून काढलेली ट्रॅव्हल पॉलिसीही उघडून बघा. बऱ्याच पॉलिसींत वेळापत्रकाने उडणाऱ्या परवानाधारक विमानांपुरतंच संरक्षण असतं. मग संस्थेला थेट विचारा: देखभाल कोण करतं आणि ती तपासणारा माणूस वेगळा आहे का? २०२३ मध्ये एफएएने बी-१७ च्या पंखांचे जोड तपासायचा आदेश काढला होता, तुमच्या विमानाची तपासणी झाली का? आग लागली तर बाहेर कुठून पडायचं, हे उडण्याआधी करून दाखवता का? चांगली संस्था या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तिथले म्हातारे मेकॅनिक इतके खूष होतात म्हणे, की त्यांना थांबवावं लागतं. कुणी हसून "काळजी करू नका" एवढंच म्हणालं, तर मी तिकीट परत करेन.

आणि उत्तरं पटली तर? तर मी जाईन. एकटी जाईन. सहा वर्षांच्या भाच्याला मात्र नेणार नाही. धोका पत्करायचा की नाही हे मला ठरवता येतं, त्याला नाही.

जमिनीवरूनही चालेल

त्याच्यासाठी दुसरा पर्याय आहे आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडला. इंग्लंडमधल्या लिंकनशायरात ईस्ट कर्कबी इथे 'जस्ट जेन' नावाचं लँकॅस्टर बॉम्बर आहे. ते अजून उडत नाही. पण चारही मर्लिन इंजिनं सुरू करून, प्रवाशांना घेऊन जुन्या हवाई तळावर धावतं. तोच आवाज, तीच थरथर, फक्त चाकं जमिनीवर.

ते घेतलं फ्रेड आणि हॅरॉल्ड पँटन या शेतकरी भावांनी. त्यांचा मोठा भाऊ ख्रिस्तोफर बॉम्बर विमानावर फ्लाइट इंजिनिअर होता. मार्च १९४४ मध्ये न्युरेंबर्गवरच्या हल्ल्यातून तो परतला नाही. वय एकोणीस. भावांनी त्याचं स्मारक म्हणून हे विमान ठेवलं.

आणि इंग्लंड-अमेरिका यंदा जमणार नसेल, तर दिल्लीला जाणं होतंच कधीतरी. पालमच्या हवाई दल संग्रहालयात आपलं एक लिबरेटर उभं आहे, एचई ९२४. पोरांना घेऊन जा. वरच्या मोठ्या विमानांच्या गर्दीत ते बावळट, ढेरपोट्या दिसेल. पण त्याच्या पोटाखाली उभं राहून वर बघा, कानपूरच्या भंगाराची गोष्ट सांगा, आणि मग पोरांनी विचारलंच, "यात बसता येतं का?", तर काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा.