कडेगावला रेल्वे यायची तर

कडेगावला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर ओगलेवाडीला, म्हणजे कराड स्टेशनवर जायचं, नाहीतर किर्लोस्करवाडी किंवा मिरज गाठायची. खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायात देशभर पांगली आहेत. त्यांचाही गावापासून स्टेशनपर्यंतचा पहिला टप्पा एसटीचा नाहीतर वडापचा. कराड-कडेगाव-खरसुंडी-आटपाडी-दिघंची-पंढरपूर हा मार्ग रेल्वेच्या सर्वेक्षणांत आलेला आहे. असा मार्ग कागदावरून जमिनीवर कसा उतरतो, हे समजून घेतलं तर आपण नेमकं काय मागायचं तेही कळतं.

पहिली अडचण चढाची

टेंभू योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचललं जातं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेलं जातं. टप्पे घ्यावे लागतात, कारण नदीकाठापासून ही जमीन चढत जाते. रेल्वेलाही हीच चढण चढायची आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणानं फिरतं, म्हणून एक इंजिन हजारो टन ओढू शकतं. पण त्याच कारणानं गाडीला चढ सोसत नाही. कोकण रेल्वेनं 150 मीटर अंतराला जास्तीत जास्त 1 मीटर चढ, असं प्रमाण धरलं. त्या हिशेबानं 100 मीटर उंची गाठायला 15 किलोमीटर रूळ लागतात. डांबरी रस्ता जिथे सरळ चढून जातो, तिथे रेल्वेला वळसा, भराव, खोदाई नाहीतर बोगदा करावा लागतो. म्हणून सर्वेक्षणात गावांची नावं जोडण्याआधी उंचीच्या रेषा पाहिल्या जातात, आणि स्टेशन कधीकधी गावापासून लांब पडतं.

दुसरी अडचण हिशेबाची

प्राथमिक सर्वेक्षणात वाहतुकीची मोजदाद असते. आज या पट्ट्यातून किती माल जातो, उद्या किती जाईल, प्रवासी किती, हे सगळं त्यात येतं. त्यावरून खर्चाच्या तुलनेत परतावा काढतात. तो पटण्यासारखा असेल तर रुळाची जागा नक्की करणारं अंतिम सर्वेक्षण होतं आणि सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. मग मंजुरी मिळते आणि रेल्वेच्या पिंक बुकात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कामांच्या यादीत, तरतूद होते. पिंक बुकात नाव आलं तरी रक्कम नाममात्र असेल, तर काम हलत नाही. पुढे भूसंपादन, माती-भराव, पूल, खडी, स्लीपर आणि रूळ. शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्त पाहणी करतात. त्यांच्या परवानगीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी सुटत नाही. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, म्हणजे काम करणारा आणि तपासणारा वेगळा राहतो.

मोजदादीत 'उद्याचा माल' का धरायचा, याचं उत्तर शेजारीच आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना हलवला तो कुंडल रोड स्टेशनाजवळ. तिथे किर्लोस्करवाडी वसली आणि स्टेशनलाही तेच नाव मिळालं. रूळ आधी होते, माल नंतर उभा राहिला.

तिसरी गोष्ट जोडणीची

रूळ टाकले म्हणजे जोडणी झाली, असं नाही. मिरज जंक्शननं हे बरीच वर्षं सोसलं. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग 1971 पर्यंत ब्रॉडगेज झाला, पण त्यानंतरही लोंढ्याकडची लाइन मीटरगेज होती आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची नॅरोगेज. रुळांमधलं अंतर अनुक्रमे 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर. एका लाइनीवरचा डबा दुसरीवर जाऊच शकत नव्हता. पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावी लागत. वेळ जाई, हमाली वाढे, आणि नाशवंत माल खराब व्हायची भीती असे.

देशांच्या सीमेवरही असंच घडतं. फिनलंडमध्ये पहिली रेल्वे 1862 साली धावली तेव्हा तो देश रशियन साम्राज्यात होता. तिथले रूळ 1524 मिलिमीटरचे राहिले. शेजारच्या स्वीडनमध्ये 1435. फरक फक्त 89 मिलिमीटरचा, पण तेवढ्यासाठी तोर्निओ-हापारांडा या सीमेवर गाडी सरळ पुढे जात नाही.

जोडणी अखंड असली तर काय होतं, तेही आपल्याकडेच दिसलं. मिरज-पंढरपूर मार्ग 2010 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. त्याच मार्गावरच्या सांगोल्याहून 28 डिसेंबर 2020 रोजी शेतमाल नेणारी शंभरावी किसान रेल पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. नॅरोगेजच्या दिवसांत असा माल वाटेत उतरवावाच लागला असता. त्याच वर्षी मे महिन्यात लासलगावचा कांदा मालगाडीनं थेट बांगलादेशातल्या दर्शना इथे पोचला, कारण सीमेपलीकडेही त्या भागात ब्रॉडगेजच आहे.

कडेगावनं काय मागावं

कराड ते कडेगाव एवढाच फाटा झाला तर तो तोट्याचा ठरेल. पूर्वेला तो पंढरपूरला मिळाला पाहिजे. पश्चिमेला, कित्येक वर्षं चर्चेत असलेला कराड-चिपळूण मार्ग झाला, तर सह्याद्री ओलांडून तो कोकण रेल्वेला आणि किनाऱ्याला जोडला जाईल. मग आटपाडीचं डाळिंब, या भागातली साखर आणि बेदाणा यांना बंदराची दुसरी वाट मिळेल. गुहागर-विजापूर महामार्ग चिपळूण, कराड, विटा असाच जातो. ट्रकांनी ही दिशा आधीच दाखवून दिली आहे.

म्हणून निवेदनात नुसतं 'आम्हाला स्टेशन हवं' लिहून भागणार नाही. साखर कारखान्यांनी, बाजार समित्यांनी, डाळिंब आणि द्राक्ष बागायतदारांनी आपला माल किती टन, कोणत्या महिन्यात, कुठल्या बाजाराला जातो, याचे आकडे गोळा करून सर्वेक्षणाच्या वेळी मांडायला हवेत. जो माल कागदावर येत नाही, तो परताव्याच्या हिशेबात धरला जात नाही. आणि तो आकडा भरण्याचं काम दिल्लीतून नव्हे, कडेगावातूनच होऊ शकतं.