उकर्डा: एका दुर्मीळ नावाची बदनामी

वऱ्हाडातल्या नांदुऱ्याची आजची ओळख म्हणजे महामार्गालगतचा १०५ फुटी हनुमान, आणि शेगाव जवळच असल्यामुळे 'गजानन' हे नाव या पट्ट्यात घरोघर. पण याच पूर्णाखोऱ्यातल्या मतदार याद्या किंवा जुने सातबारे चाळले, तर मध्येच एक वेगळे नाव दिसते : उकर्डा. कुणी ते 'उखर्डा' असेही लिहितो. परगावच्या माणसाला वाटते की लिहिणाऱ्याची काहीतरी चूक झाली असावी. चूक नाही. अर्थही तोच आहे, जो ऐकताक्षणी मनात येतो. उकर्डा म्हणजे उकिरडा. त्याचे 'उत्कर्ष'शी नाते जोडून अर्थ गोड करून घेण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. उत्कर्षात 'कृष्' म्हणजे ओढणे हा धातू आहे. उकिरड्याचे मूळ संस्कृत 'उत्कर', म्हणजे वर टाकत गेलेला ढीग, आणि प्राकृत 'उक्कुरुड' यांच्या घराण्यातले आहे. 'उकरणे' हे क्रियापद याच घराण्यातले.

पोटच्या पोराचे नाव उकिरडा ठेवणाऱ्या आईबापांना ते नकोसे झाले असणार, हा पहिला आणि सर्वांत मोठा गैरसमज. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हे नाव सहसा मिळायचे ते ज्या घरात आधीची मुले दगावली आहेत तिथल्या, नवसासायासाने झालेल्या मुलाला. मूल जन्मले की त्याला क्षणभर उकिरड्याच्या कडेला ठेवायचे, किंवा टोपलीत घालून तिथे न्यायचे, आणि टाकून दिलेले मूल सापडले अशा थाटात परत घरात आणायचे. कुठे दुसऱ्याच बाईने ते उचलायचे आणि आईने पसाभर धान्य देऊन तिच्याकडून 'विकत' घ्यायचे. आधीची लेकरे नेणाऱ्या दैवाला, सटवीला किंवा नजरेला हे मूल या घराचे नाही, किंवा असले तरी कुणाला हवेसे नाही, असे भासवायचे. नाव हा त्या बनावाचा कायमचा भाग. दगडू, धोंडू, कचरू, भिकू, फकिरा ही सगळी त्याच कुळातली. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवले की तो नथू. नथुराम गोडसेचे मूळ नाव रामचंद्र होते आणि आधीचे मुलगे दगावल्यामुळे त्याच्या नाकात नथ घातली गेली, ही हकिगत सर्वज्ञात आहे. तेव्हा अशा नावात तुच्छता शोधणे म्हणजे बाळाच्या गालावरची काळी तीट पाहून आईला बाळ कुरूप वाटते असा निष्कर्ष काढणे.

हे स्पष्टीकरण नंतरच्या काळात कुणीतरी रचलेले नाही कशावरून? अशी शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सुदैवाने फार जुने आहे. जैनांच्या अंग-आगमांपैकी अकरावे अंग म्हणजे विपाकसूत्र. ग्रंथ अर्धमागधीत आहे, आणि आगमांचे वलभी येथील अंतिम संकलन इसवीसनाच्या पाचव्या शतकातले, म्हणजे मजकूर किमान दीड हजार वर्षे जुना. त्यात सुभद्रा नावाच्या सार्थवाहपत्नीची, म्हणजे तांड्याने व्यापार करणाऱ्याच्या बायकोची, कथा येते. तिची मुले जन्मताच मरत. म्हणून पुढचा मुलगा झाल्याबरोबर ती त्याला एकांतातल्या 'उक्कुरुडिये'वर टाकायला लावते आणि लगेच परत उचलून आणवते. त्यावरून त्याचे नाव पडते उज्झितक, म्हणजे टाकलेला. त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका मुलाला याच कारणासाठी गाड्याखाली ठेवून उचलतात आणि त्याचे नाव होते शकट. कारण तेच, विधी तोच आणि उकिरड्याचा शब्दही तोच. वऱ्हाडातल्या एखाद्या उकर्डाच्या आजीला ही कथा सांगितली असती तर तिला त्यात नवल वाटले नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. त्या प्रांतातल्या जातीजमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. मुले दगावलेल्या घरांतली अशी नावे त्यातही नोंदलेली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. अशी नावे खालच्या मानलेल्या जातींवर लादलेली होती, असे म्हटले जाते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असे सांगतो. गावगाड्यात माणसाचे बरे नाव मोडून त्याला हिणवून हाक मारणारेही होतेच. हे दोन्ही मान्य करून मी म्हणेन की उकर्डा-कचरू या नावांचा उगम त्या श्लोकात नाही. तसे असते तर ती नावे जातीच्या कुंपणात राहिली असती. पण महाराष्ट्रातल्या सधन मारवाडी-जैन व्यापाऱ्यांत 'कचरदास' सापडतो. वर सांगितलेली सुभद्राही व्यापाऱ्याचीच बायको. तमिळ 'कुप्पै' म्हणजे केरकचरा. त्यापासून झालेले कुप्पुस्वामी हे नाव मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले संस्कृत पंडित महामहोपाध्याय कुप्पुस्वामी शास्त्री यांनी आयुष्यभर धारण केले. तेलुगूत 'पेंट' म्हणजे शेणाचा ढीग आणि त्यावरून पेंटय्या. फरक पडला तो पुढे. वरच्या घरातल्या धोंडूचा शिक्षणाने आणि मानाने 'धोंडोपंत' झाला, शेतमजुराचा उकर्डा 'उकर्ड्या'च राहिला. नाव ठेवण्यात जात नव्हती, हाक मारण्यात होती.

हे वऱ्हाडच्या अडाणी खेड्यांचे खूळ, असेही शहरी माणूस सहज बोलून जातो. पण उत्तर भारतात उकिरडा-केरकचऱ्यावरूनचेच घुरहू आणि कतवारू आहेत, बंगालात तीन कवड्यांना विकत घेतलेला तीनकौडी आहे. चीनच्या खेड्यांत 'कुत्र्याने टाकलेला उरलासुरला' अशा अर्थाचे गौशेंग हे नाव चालत असे. मंगोलियात नेरगुइ म्हणजे 'नाव नसलेला'. रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये शेणावरून झालेली कोप्रेउस, कोप्रिया ही ग्रीक नावे जुन्या पपायरसांवर भेटतात. त्यांतली काही खरोखर उकिरड्यावरून उचललेल्या मुलांची असावीत, काही वाईटाला चकवण्यासाठीची. जिथे पाळणे वारंवार रिकामे होत, तिथे माणसांना ही एकच युक्ती सुचलेली दिसते. शिवाय वऱ्हाडी शेतकऱ्याचा उकिरडा म्हणजे महापालिकेची कचराकुंडी नव्हे. वर्षभर साचवलेले शेणखत उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जायचे, कपाशी-ज्वारीची भिस्त त्यावर. उकिरड्याचेही बारा वर्षांनी पांग फिटतात असे मराठी माणूस उगाच म्हणत नाही. तरीही नाव ठेवताना खताची महती डोक्यात होती असे मला वाटत नाही. तिथे हेतू लपवण्याचाच होता.

मग नावाने मुले वाचत होती का? अर्थातच नाही. पण वाचतात असे का वाटे, हे समजण्यासारखे आहे. जगलेला उकर्डा सत्तर वर्षे गावात हिंडताना दिसे. नाव ठेवूनही महिनाभरात गेलेला उकर्डा घरच्यांखेरीज कुणाच्या लक्षात राहत नसे. शतकापूर्वी या देशात हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. मध्य प्रांत-वऱ्हाड तर १९१८ च्या इन्फ्लुएंझात देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक. १९७१ साली नमुना नोंदणी पाहणीनुसार देशाचा बालमृत्यू दर १२९ होता. २०२० साली तो २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. लोक शिकले, 'सुधारले', म्हणून ही नावे गेली असे सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. बाळंतपण दवाखान्यात होऊ लागले, लसी आल्या, आणि लपवाछपवीचे कारणच उरले नाही. शाळेतली टिंगल आणि नाव बदलल्याची राजपत्रातली जाहिरात हे त्यानंतरचे.

राहिला लोकप्रियतेचा प्रश्न. बाळाच्या नावांची संकेतस्थळे प्रत्येक नावापुढे क्रमांक छापतात, आणि लोक ते खरे मानतात. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या जन्मांची नाववार आकडेवारी दरवर्षी जाहीर करते, म्हणून तिथे असा क्रमांक लावता येतो. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, पण त्याखाली जन्मांची गणती छापली जाते, नावांची नाही. मुळात बाळाचे नाव न लिहिताही जन्माची नोंद होते. नाव मागाहून भरता येते. तेव्हा 'भारतात अमुक क्रमांकाचे नाव' हे विधान उकर्डाबद्दल जितके निराधार, तितकेच आरवबद्दलही.

नवा उकर्डा आता जन्मत नाही, तरी कागदावरून तो लगेच पुसला जाणार नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी आपली रीत असल्याने मुलांच्या आधार कार्डावर, गुणपत्रिकेवर तो मधल्या जागी बसलेला असतो. नातवंडांच्या वेळी तिथूनही उतरतो. मग उरतो सातबारा, तोही वारसांची नावे लागून फेरफार मंजूर होईपर्यंत.